गन बदलू नका, आधी हवा कोरडी करा

तुम्ही लिहिलंय की मालवणच्या घराच्या सागवानी दाराला कम्प्रेसरवरच्या स्प्रे गनने एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारताय, फवाऱ्यातून मध्येच थेंब उडतात, वाळल्यावर पांढुरके ढग उमटतात, आणि दुकानदार म्हणतो महागातली गन घ्या. इतक्यात पैसे घालवू नका. ही दोन वेगळी दुखणी आहेत, दोन्हींच्या मुळाशी पाणी आहे, पण इलाज एक नाही.

आधी थेंबांचं बघू. श्रावणातली ३० अंशांची, ८० टक्के दमट हवा घेतली तर एका घनमीटरात साधारण २४ ग्रॅम वाफ असते. ८ सीएफएम (मिनिटाला ८ घनफूट) हवा देणारा कम्प्रेसर ती ७ बार दाबापर्यंत दाबत सलग तासभर चालला आणि हवा पुन्हा गार झाली, तर त्यातून पाव लिटरभर पाणी सुटतं. घाटावरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. काही पाणी टाकीत बसतं, उरलेलं होजमधून थेट दारावर. म्हणून रोज काम संपलं की टाकीखालचा ड्रेन कॉक हळूहळू उघडा आणि तांबूस, गंजकं पाणी पूर्ण जाऊ द्या.

हवेतलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर तुमच्याकडे आहे म्हणता, पण तो बहुतेक कम्प्रेसरलाच चिकटवलेला असणार. तिथे हवा कढत असते. वाफ वाफच राहते, सेपरेटरच्या हाती थेंब लागत नाही, आणि पुढे होजमध्ये गार झाल्यावर तिचं पाणी होतं. कम्प्रेसरपासून २५ फूट तरी जीआय पाइप भिंतीवरून न्या, उतार कम्प्रेसरच्या बाजूला ठेवा, सेपरेटर पाइपाच्या शेवटाला बसवा आणि होज तिथून काढा. बोअरिंगच्या कामातला उरलेला पीव्हीसी पाइप मात्र नको. दाबाखाली फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. मग रिकाम्या गनने काचेच्या तुकड्यावर अर्धा मिनिट हवा मारा. काचेवर ठिपके आले नाहीत तर हवा कोरडी झाली.

पांढऱ्या ढगांना हा सेपरेटर काही करू शकत नाही. थिनर भराभर उडतो, लॅकरचा थर गारठतो आणि बाहेरच्या हवेतला दमटपणा त्यावर बसतो. इथे थिनर उडण्याचा वेग कमी करणारा रिटार्डर लागतो, डब्यावर लिहिलंय तेवढाच. कोट पातळ द्या, अकरा ते चारच्या मधे काम उरका. आधीच ढग आले असतील तर पॉलिश पेपर घेऊन तुटून पडू नका. थर वाळल्यावर रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा मारला की बहुतेक वेळा ते निघून जातात. पाऊस लागून राहिला असेल तर गन हातात घेऊच नका. गणपतीपर्यंत दार व्हायलाच हवं हा हट्ट मला समजतो, पण सीलर, म्हणजे लॅकरखालचा थर, मारून थांबा आणि लॅकर दिवाळीला करा.

बाकी नेहमीचंच: १.३ किंवा १.४ मिलिमीटरचा नोझल, ट्रिगर दाबलेला असताना २ ते ३ बार दाब, दारापासून सहा ते आठ इंच, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा.

हवा कोरडी असूनही गन थुंकत असेल तर नोझल सैल आहे का, सुईचं पॅकिंग सुकलंय का आणि कपाच्या झाकणाचं भोक बुजलंय का ते बघा. फवारा एका बाजूला झुकत असेल तर एअर कॅप, म्हणजे नोझलवरची टोपी, अर्धा फेरा फिरवा. झुकाव त्याबरोबर फिरला तर कॅपमध्ये कचरा, नाही फिरला तर नोझलमध्ये. साफ करायला मऊ ब्रश घ्या. तार घातली की भोक वाकडं होतं आणि मग खरोखरच नवी गन लागते. अख्खी गन थिनरात बुडवून ठेवू नका, पॅकिंगं खराब होतात. सुईला तेल द्याल ते सिलिकॉनचं नको, लॅकरला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

आणि वहिनींना सांगून ठेवा, लॅकर चालू असताना आत समई किंवा चूल पेटलेली नको. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत सरकत माजघरापर्यंत जाते. कम्प्रेसरही त्याच कारणाने वारा येतो त्या बाजूला, दारापासून लांब ठेवा, कारण त्याच्या स्विचमध्ये ठिणगी पडते.