न घेतलेल्या लोनची वकिलाची नोटीस आलीय, माझं पॅन कार्ड कुणीतरी वापरलंय वाटतं, काय करू?

घाबरू नका, पण नोटीस बाजूलाही टाकून देऊ नका. फोनवर कितीही दमदाटी झाली तरी "थोडे भरा, मिटवून टाकू" याला अजिबात हो म्हणू नका, एक हप्ता जरी भरलात तरी लोन तुम्ही मान्य केलं असाच अर्थ ते काढणार. सिबिल, एक्सपेरियन वगैरे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांचे रिपोर्ट काढा (वर्षातून एकदा फुकट असतो), लोन कुठल्या तारखेचं, कुठला मोबाईल नंबर लावलाय बघा आणि तिथेच डिस्प्यूट (म्हणजे ही नोंद चुकीची आहे अशी हरकत) टाका. सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा, आयटी कायद्याचं कलम 66सी अशा ओळख चोरीसाठीच आहे. मग नोटिशीतल्या मुदतीच्या आत स्पीड पोस्टाने लेखी उत्तर पाठवा, सोबत तक्रारीची कॉपी, की हे कर्ज माझं नाही, करार दाखवा, केवायसी दाखवा आणि मुख्य म्हणजे पैसे कुठल्या खात्यात गेले ते दाखवा, कारण ते खातं तुमचं नसेल तर त्यांची बाजू तिथेच लंगडी पडते. लोन कंपनीने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा, फी लागत नाही. कोर्टाचं समन्स आलं तर मात्र वकील घेऊन हजर राहाच, नाहीतर एकतर्फी निकाल लागू शकतो.