वॉर थंडरमध्ये बीएमपी-२ सारखे पातळ कवचाचे वाहन कसे वापरावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, वॉर थंडर या युद्धवाहनांच्या ऑनलाइन व्हिडिओ गेमच्या सोव्हिएत फळीत टी-५५ रणगाड्यापर्यंत आपण बऱ्यापैकी खेळत होतात, नंतर मोठ्या हौसेने बीएमपी-२ ही सैनिक वाहून नेणारी चिलखती गाडी घेतली, आणि आता रियलिस्टिक प्रकारच्या सामन्यांत कॅप पॉइंटवर, म्हणजे ताब्यात घ्यायच्या जागेवर, सर्वांत आधी पोहोचूनही दोन-तीन मिनिटांत आपले वाहन जळते. तेव्हा दोष आपल्या हाताचा आहे की वाहनाचा? माझ्या मते दोष दोघांचाही नाही. आपण टी-५५ मधून उतरलात खरे, पण सवयी टी-५५ च्याच घेऊन उतरलात, आणि "कॅप पॉइंटवर सर्वांत आधी पोहोचतो" हे आपले वाक्यच त्याची साक्ष देते.

मीही याच वाटेने गेलो आहे. मुलुंडच्या आमच्या घरी रात्री जेवणे आटोपल्यावर मी खेळायला बसतो, आणि बीएमपी-२ घेतल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे मी जे केले त्याला खेळणे म्हणणे अवघड आहे. माझी समजूत बदलली ती नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मामाकडे गेलो असताना. आपल्या लष्कराच्या मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचे केंद्र नगरलाच आहे, आणि त्या भेटीत लष्कराच्या एका प्रदर्शनात बीएमपी-२ ची भारतीय आवृत्ती, मेडकच्या कारखान्यात बांधली जाणारी 'सरथ', मला हाताच्या अंतरावरून पाहायला मिळाली. तिच्या मागच्या बाजूला सैनिकांना उतरण्यासाठी दोन दारे असतात. ती दारे भरीव पोलादाची असतील असे मी इतके दिवस धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती आतून पोकळ असतात आणि त्या पोकळीत डिझेल साठवलेले असते. ज्या वाहनाचे दारच इंधनाची टाकी आहे, ते वाहन मार खाण्यासाठी बनवलेले नाही, हे मला तिथे उभ्याउभ्या पटले.

या वाहनाचा मूळ हेतू लक्षात घेतला तर त्याचे कवच इतके पातळ का, हे कोडे राहत नाही. बीएमपी-१ सोव्हिएत सैन्यात १९६६ च्या सुमारास आली आणि १९६७ च्या नोव्हेंबरात मॉस्कोच्या संचलनात जगाला दिसली. बीएमपी-२ आली १९८० मध्ये. दोन्हींचे काम एकच होते: सात-आठ सैनिकांना तोफगोळ्यांच्या उडत्या तुकड्यांपासून आणि बंदुकीच्या गोळ्यांपासून वाचवत रणगाड्यांच्या बरोबरीने पुढे न्यायचे, आणि ते उतरल्यावर मागून त्यांना आधार द्यायचा. सुमारे १४ टन वजनात, तेही पाण्यात तरंगू शकेल अशा सांगाड्यात, एवढेच कवच बसते. खेळात मात्र आत सैनिक नसतात, उतरवायचे कोणी नसते, आणि समोर असतात ते थेट रणगाडे. म्हणजे वाहनाचे मूळ काम खेळाने काढून घेतले आहे आणि कवच तेवढे तसेच ठेवले आहे. मग आपल्याकडे उरते काय? ताशी ६५ किलोमीटरचा वेग, बुटका बांधा, एक अतिशय चपळ तोफ, चार क्षेपणास्त्रे, आणि आपण शत्रूला केव्हा दिसायचे हे ठरवण्याची मुभा. माझ्या लेखी यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे, आणि कॅपच्या वर्तुळात जाऊन उभे राहणारा खेळाडू नेमकी तीच पहिल्या मिनिटात उधळून टाकतो.

आपण मरता कसे, हेही एकदा बारकाईने पाहायला हवे. बीएमपी-२ मध्ये तीन जणांचा चमू असतो. चालक पुढे डावीकडे बसतो, त्याच्या उजवीकडे इंजिन असते, आणि तोफची व कमांडर हे दोघेही वरच्या फिरत्या बुरुजात शेजारी शेजारी बसतात. खेळाचा नियम असा की चमूत एकच माणूस उरला की वाहन बाद होते. त्यामुळे बुरुजात शिरलेला एक गोळा दोघांना एकदम गारद करतो आणि सामना तिथेच संपतो. याउलट मागचा भाग, जिथे सैनिक बसायचे, तो रिकामा असतो, आणि त्यातून बाणासारखा अणकुचीदार भेदक गोळा आरपार निघून गेला तर पुष्कळदा फारसे काही बिघडत नाही. नवख्या खेळाडूंना समोरच्या १०५ मिलिमीटर तोफेची भीती वाटते. मला भीती वाटते ती त्याच रणगाड्याच्या छतावरच्या १२.७ मिलिमीटर मशीनगनची. बीएमपीच्या बाजूचे कवच साध्या रायफलीच्या गोळ्या अडवण्यापुरतेच आहे, आणि ही मशीनगन ते सहज फोडते. दुसरा शत्रू म्हणजे स्फोटक गोळा, कारण इतके पातळ कवच त्याच्या स्फोटानेच फाटते आणि त्याचा दाब आतल्या माणसांना संपवतो. तेव्हा कोपऱ्यावरून डोकवायचेच असेल तर शक्यतो अशा बाजूने डोकवावे की आपले उजवे नाक आधी बाहेर येईल. लहान गोळ्यांचा पहिला मारा इंजिन झेलते आणि चालक वाचतो. इंजिन बंद पडणे वाईट, पण ते दुरुस्त होते.

सामना सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटे वेगाचा उपयोग कॅपसाठी न करता जागेसाठी करावा. नकाशाच्या कडेने, शत्रूचे रणगाडे ज्या वाटेने मध्यभागी येतात त्या वाटेच्या बाजूला तोंड असलेली जागा मला सर्वांत चांगली वाटते. मात्र टेकडीच्या माथ्यावर जाऊन खाली नळी झुकवण्याचा मोह टाळावा. या तोफेची नळी वर ७४ अंशांपर्यंत उठते, पण खाली जेमतेम पाच अंश झुकते, त्यामुळे उतार जरा जास्त असला की नेम लावण्यासाठी अख्खे वाहन माथ्यावरून पुढे काढावे लागते आणि खालचा प्रत्येक जण आपल्याला पाहतो. सपाट जमिनीवरचा उथळ खड्डा, शेताचा बांध किंवा पडक्या भिंतीची मागची बाजू बरी. तिथेही वाहन असे उभे करावे की पुढच्या दिशेने गाडी काढूनच निसटता येईल. गिअर पुढे जाण्यासाठी पाच आहेत आणि मागे येण्यासाठी एकच. मागे सरकत जीव वाचवण्याचा प्रयत्न करणारी बीएमपी मी फार क्वचित वाचलेली पाहिली आहे.

जागेवर पोहोचल्यावर इंजिन बंद करावे आणि कान उघडे ठेवावेत. रणगाड्यांचा आवाज हेडफोनमध्ये दिशेसह कळतो, आणि आपण बंद असलो की तो अधिक लांबून ऐकू येतो. आमची इमारत रुळांना लागून असल्यामुळे कल्याण फास्ट खिडकीखालून गेली की माझी ही सोय अर्धा मिनिट बुडते, आणि त्या अर्ध्या मिनिटात मागून आलेल्या शत्रूने मला दोनदा तरी उडवले आहे. पण तो भाग सोडून द्या.

आता तोफेविषयी सविस्तर लिहितो, कारण या वाहनाचे खरे सामर्थ्य क्षेपणास्त्रात नसून ३० मिलिमीटर तोफेत आहे, असे माझे ठाम मत आहे. ही २ए४२ तोफ जलद गतीवर ठेवली तर मिनिटाला साडेपाचशेहून अधिक गोळ्या झाडते. प्रत्यक्षातल्या वाहनात भेदक गोळ्या १६० आणि स्फोटक ३४० असतात. म्हणजे बोट दाबून धरले तर भेदक गोळ्यांचा साठा अठरा सेकंदांच्या आत रिकामा होईल. म्हणून पाच-सहा गोळ्यांचे तुटक फवारे मारावेत, आणि प्रत्येक फवाऱ्याला एक ठरलेले काम द्यावे. शत्रूला ठार मारणे हे पहिल्या फवाऱ्याचे काम नाही.

एक उदाहरण देतो. पोलंडच्या नकाशावर मी गावाबाहेरच्या शेताच्या कडेला उभा होतो आणि सुमारे ३०० मीटरवर एक ब्रिटिश चीफ्टन रणगाडा बांधाआडून आडवा निघाला. त्याच्या बुरुजाचे समोरचे कवच माझ्या गोळ्यांना जन्मात फुटले नसते. पहिला फवारा मी त्याच्या तोफेच्या नळीवर मारला. पहिल्या दोन गोळ्या हवेत गेल्या, उरलेल्या नळीवर बसल्या आणि नळी निकामी झाल्याचे लगेच दिसले. या क्षणी तो मला मारू शकत नव्हता, पण मागे सरकून आडोशाला मात्र जाऊ शकत होता, म्हणून दुसरा फवारा त्याच्या पट्ट्यावर, अगदी टोकाच्या चाकापाशी मारला. पट्टा तुटला. आता तो जागेवर खिळला होता आणि दुरुस्तीत गुंतला होता. इथे आपल्यातले बहुतेक जण आनंदाने तिथेच उभे राहून गोळ्यांचा पाऊस पाडत बसतात, आणि तेवढ्यात त्याचा एखादा मित्र येतो. मी इंजिन चालू करून वळसा घेतला, त्याची बाजू समोर आल्यावर थांबलो आणि क्षेपणास्त्र सोडले. या सगळ्यात माझे कौतुक असे काहीच नाही. आधी निःशस्त्र करा, मग लंगडा करा, मग बाजूला जा, हा क्रम तेवढा पाळला. समोर लेपर्ड-१ सारखा हलक्या कवचाचा रणगाडा असेल तर शेवटच्या पायरीला क्षेपणास्त्रही लागत नाही, कारण त्याच्या बाजूचे कवच ३० मिलिमीटरच्या भेदक गोळ्या फोडतात. मात्र ज्याची बाजूही जाड आहे आणि ज्याचे साथीदार जवळ आहेत, त्याची नळी फोडून निघून जाणे यातच शहाणपण असते.

बीएमपी-२ वरच्या कॉन्कुर्स या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचा गवगवा फार आहे, पण त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. त्याचा वेग सेकंदाला सुमारे २०० मीटर. शत्रू १६०० मीटरवर असेल तर ते पोहोचायला आठ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ आपल्याला जागेवर उभे राहून नेम त्याच्यावर धरून ठेवावा लागतो, कारण नेम हलला की क्षेपणास्त्रही हलते. तेवढेच अंतर १०५ मिलिमीटर तोफेचा भेदक गोळा साधारण सव्वा सेकंदात कापतो. म्हणजे शत्रूची नजर आपल्याकडे असेल, तर आपले क्षेपणास्त्र वाटेत असतानाच त्याचा गोळा आपल्या बुरुजात शिरलेला असतो. म्हणून क्षेपणास्त्र फक्त पाठमोऱ्या, थांबलेल्या, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्या किंवा आधीच नळी फुटलेल्या शत्रूवर सोडावे. सोडताना नेम लक्ष्याच्या किंचित वर धरावा आणि मग हळूच खाली आणावा. सुटल्याबरोबर ते जरासे खाली झुकते आणि पुढ्यातल्या बांधावरच फुटण्याची शक्यता असते. झाडे आणि कुंपणे यांचेही तसेच. चारच क्षेपणास्त्रे मिळतात, त्यामुळे एक झाडावर गेले की ते चांगलेच जिव्हारी लागते. आपण मुंबईहून युरोपच्या सर्व्हरवर खेळत असाल तर आणखी एक गोष्ट सांगतो: माझा पिंग, म्हणजे सर्व्हरशी संदेशाची ये-जा व्हायला लागणारा वेळ, तिथे दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास असतो, आणि त्या विलंबामुळे हलत्या लक्ष्यामागे माउस जोरात फिरवला की क्षेपणास्त्र हेलकावे खाऊ लागते. हात सावकाश चालवणे एवढाच उपाय मला सापडला आहे.

धूर आणि टेहळणी यांविषयी थोडेच सांगतो. एक्झॉस्टमध्ये डिझेल सोडून धुराचा पडदा करण्याची सोय या वाहनात आहे. तिची कळ अंगठ्याच्या जवळ ठेवा, आणि धूर मार लागल्यावर नव्हे तर उघडी जागा ओलांडण्यापूर्वी सोडा. हलक्या वाहनांना शत्रू हेरून तो साथीदारांना दाखवण्याची, म्हणजे स्काउटची, सोय असते, आणि आपण दाखवलेला रणगाडा दुसऱ्याने मारला तरी आपल्याला बक्षीस मिळते. जिथे गोळी झाडल्याने जागा उघड होईल तिथे मी गोळी झाडतच नाही, दुर्बिणीतून हेरून देतो आणि गप्प बसतो. हेलिकॉप्टर खाली आले तर मात्र ७४ अंश उठणारी नळी वापरावी, कारण तेवढी वर उठणारी तोफ आपल्या शेजारच्या टी-५५ कडे नाही.

राहिला प्रश्न बीएमपी-२ ऐवजी रणगाडाच घ्यावा का, हा. अरुंद गल्ल्यांचा शहरी नकाशा आला तर होय, कारण तिथे प्रत्येक कोपऱ्यावर पन्नास मीटरवरून गाठ पडते आणि मी वर सांगितलेले काहीही करायला वेळ मिळत नाही. अशा सामन्यात मी पहिला रणगाडाच काढतो. मोकळ्या नकाशावर पहिली बीएमपी-२ आणि नंतर टी-५५, असा क्रम मला मानवला आहे, आणि हलके वाहन मैदानात आणायला गुणही कमी लागतात, त्यामुळे आधी रणगाडा काढून तो गमावला असेल तर शेवटच्या पाच मिनिटांसाठी बीएमपी-२ काढणे अनेकदा परवडते. त्या वेळी बहुतेकांचे लक्ष कॅपवर खिळलेले असते आणि नकाशाच्या कडा ओस पडलेल्या असतात.