जुनी भिंत, नवी चित्रं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे) : मुंबईच्या रीगल चौकातलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बाहेरून जुनं दगडी दिसतं, पण आत सगळं नवीन. जुनं का ठेवलं नाही?

उत्तर : ही इमारत चित्रांसाठी बांधलेलीच नव्हती. १९११ साली वास्तुविशारद जॉर्ज विटेटने रचलेलं ते सर कावसजी जहांगीर सभागृह. सभा आणि मैफलींसाठी बांधलेल्या अशा सभागृहात मधली जागा प्रशस्त असते, दारं-खिडक्या भरपूर असतात, पण चित्र टांगायला सलग भिंत फारशी मिळत नाही. म्हणून बाहेरचा दगडी भाग राखून आत अर्धवर्तुळाकार दालनं एकावर एक रचली, ती जिन्याने जोडली आणि १९९६ साली संग्रहालय खुलं झालं. आमच्या मते हा निर्णय योग्यच होता. तसं केलं नसतं, तर खिडक्या विटांनी बुजवाव्या लागल्या असत्या.

गोल भिंतीची एक अडचण मात्र असते. भिंतीची त्रिज्या १० मीटर आणि चित्राची रुंदी २ मीटर धरा. भिंत आत वळलेली असेल तर चित्राच्या कडा टेकतात, पण मध्यभागी ५ सेंटिमीटर पोकळी राहते. बाहेर फुगलेली असेल तर मध्य टेकतो आणि चित्र डुगडुगतं. फुगीर भिंतीवर दोन्ही कडांमागे मापाने कापलेले लाकडी ठोकळे द्यावेत. मोठ्या चित्राला एका खिळ्याचा भरवसा धरू नये, दोन टोकांना दोन आधार हवेत.

प्रश्न (सातारा) : गावातल्या दगड-चुन्याच्या वाड्यात कलादालन करायचं आहे. कंत्राटदार सिमेंटचा गिलावा सुचवतो. करावा का?

उत्तर : करू नये. दगड-चुन्याची भिंत जमिनीतली आणि पावसाची ओल शोषते आणि पृष्ठभागावरून हळूहळू बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बुजते. ओल आत अडकते, वर चढते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटच्या कडेने लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटतो, पोपडे सुटतात. दोष भिंतीवर येतो, पण मूळ कारण वरचा थर असतो.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा : फुटकी कौलं, तुंबलेली पन्हळ, सांध्यात रुजलेला पिंपळ, भिंतीलगत वाढलेली माती. हे दुरुस्त केल्याशिवाय गिलाव्याला हात लावू नका. भिंतीवर आधीचं सिमेंट असेल तर ते छिन्नी-हातोड्यानेच काढा, ब्रेकरच्या हादऱ्याने दगड सैल होतात. दरजा (दगडांमधले सांधे) २ ते ३ सेंटिमीटर खोल खरवडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, कारण क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात. मग भिंतीला निदान एक पूर्ण उन्हाळा सुकू द्या.

कळीचा (न विझवलेला) चुना पाण्यात विरवून, गाळून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवा. नंतर मापाने १ भाग चुना, १ भाग सुरखी (भाजक्या विटांची पूड), २ भाग धुतलेली वाळू. थर १०-१२ मिलिमीटरचा, आणि खालचा घट्ट झाल्यावरच वरचा. ओलं गोणपाट लावून आठ-दहा दिवस ओलावा टिकवा. भेगा पडतात त्या बहुधा घाईने सुकवल्यामुळे. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे, पण अंदाजाने ओतू नका. एका फुटाचा नमुना करून महिनाभर पाहा. शेवटी चुन्याचे तीन पातळ हात. प्लॅस्टिक रंग लावलात तर ओलीची वाट पुन्हा बुजते आणि सगळी मेहनत वाया जाते.

चित्रं या भिंतीवर थेट टांगूच नका. १० सेंटिमीटर पुढे लोखंडी चौकटीवर प्लायवुडची भिंत उभारा, वर-खाली फट ठेवा. हवा खेळेल, आणि मूळ भिंतीला भोकंही पडणार नाहीत.

प्रश्न (मडगाव) : वातानुकूलन असूनही पावसाळ्यात चित्रांच्या मागे बुरशी येते.

उत्तर : कॅनव्हासची खालची पट्टी पाहा. तिथे कापड आणि लाकूड यांच्या फटीत धूळ साचते, हवा हलत नाही, आणि आधी तिथेच करडे ठिपके दिसतात. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकली की बुरशी जम धरते.

तुम्ही रात्री यंत्र बंद करत असाल तर चूक बहुधा तीच. बाहेर ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २८ अंशांच्या खाली थंड झालेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. दिवसभर थंड झालेल्या भिंतीवर रात्री दमट हवा शिरली की नेमकं तेच होतं. थंडावा कमी ठेवा, पण आर्द्रता शोषणारं यंत्र चोवीस तास चालू ठेवा आणि ते ५५ टक्क्यांच्या आसपास लावा. चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळेल. बुरशी आलेलं चित्र लगेच वेगळं ठेवा, आणि ओल्या फडक्याने मुळीच पुसू नका.