वाचकांचे प्रश्न : चाळीसची लेन्स लावली की सगळं अंधारतं

प्रश्न : मुलगी नववीत आहे, तिच्यासाठी जुन्या बाजारातून सेकंडहँड मायक्रोस्कोप घेतला, आरसावाला. कांद्याचा पापुद्रा ४ आणि १० च्या लेन्सने मस्त दिसतो, पण ४० लावली की अंधार आणि धूसर, १०० ने तर काहीच नाही. विकणारा म्हणतो २० चा आयपीस टाका, २००० पट मोठं दिसेल. घेऊ का? आणि स्टेजच्या, म्हणजे स्लाइड ठेवायच्या पाटीच्या, खाली एक छोटी दांडी आणि एक चाक आहे, ते कशाला असतं? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, आयपीस, म्हणजे डोळा लावायची वरची लेन्स, अजिबात घेऊ नका. १०० गुणिले २० म्हणजे २००० हे गणित बरोबर आहे, पण त्यातून नवीन काही दिसत नाही, आहे तेच धूसर चित्र फुगून मोठं होतं. किती बारीक दिसणार हे ऑब्जेक्टिव्हवर ठरतं, म्हणजे स्लाइडजवळची ती फिरणारी लेन्स. तिच्यावर पटीच्या शेजारी दुसरा एक आकडा कोरलेला असतो, ४० वर बहुतेक ०.६५, १०० वर १.२५. लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते ते हा आकडा सांगतो. त्याला हजाराने गुणलं की साधारण तेवढ्या पटीपर्यंतच अर्थ आहे, म्हणजे तुमच्या १०० च्या लेन्सला १२५० च्या आसपास. त्यापुढे कितीही ताणा, प्रकाशाच्या मायक्रोस्कोपमध्ये सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळचे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत, ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच मांडलीय.

आता ती दांडी आणि चाक. माझ्या मते अख्ख्या यंत्रातले सगळ्यात दुर्लक्षित भाग हेच, परीक्षेत नाव लिहून मार्क घ्यायचे आणि प्रॅक्टिकलला हात लावायचा नाही असं चाललेलं असतं. चाकाने कंडेन्सर वरखाली होतो. कंडेन्सर म्हणजे आरशाकडून आलेला प्रकाश गोळा करून स्लाइडवर टाकणारी लेन्स. तो खाली घसरलेला असेल तर ४ ला फारसं बिघडत नाही पण ४० ला अंधार होतो, तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. तो वर घ्या, स्लाइडच्या जेमतेम खाली. आरशाची सपाट बाजू वापरा, खोलगट बाजू कंडेन्सर नसलेल्या मायक्रोस्कोपसाठी असते. आणि आरशात सूर्य थेट कधीच घ्यायचा नाही, डोळा जाईल, खिडकीतलं आभाळ किंवा टेबललॅम्प पुरतो.

दांडी म्हणजे डायफ्राम, प्रकाशाचं भोक लहानमोठं करणारी पाकळ्यांची चकती. उजेड कमीजास्त करायला म्हणून ती वापरू नका, तिचं खरं काम कॉन्ट्रास्ट. कांद्याच्या पेशी जवळजवळ पारदर्शक, पूर्ण उघडलं तर कडा प्रकाशात विरघळून जातात, फार बंद केलं तर प्रत्येक रेषेभोवती जाड काळी किनार येते आणि बारीक गोष्टी जातात. एक युक्ती सांगतो, फोकस झाल्यावर आयपीस काढून नळीत बघा, खाली उजेडाचं वर्तुळ दिसेल, त्याचा साधारण पाऊण भाग उघडा राहील इतकंच ठेवा. पेशींचं केंद्रक दिसत नसेल तर आयोडीनचा एक थेंब टाका.

एवढं करूनही ४० धूसर असेल तर स्लाइड उलटी तर नाही ना बघा, हसू नका, हे फार होतं. ४० च्या लेन्सचं टोक फोकसला असताना वस्तूपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं आणि स्लाइडची काच साधारण १ मिलिमीटर जाड, मग उलट बाजूने फोकस होणारच कसा! कव्हरस्लिप, म्हणजे वस्तूवर ठेवायची पातळ काच, तीही हवीच, लेन्सवर ०.१७ लिहिलेलं असतं ते तिचीच जाडी, मिलिमीटरमध्ये. मोठा स्क्रू फक्त ४ आणि १० ला, पुढे फक्त बारीक स्क्रू, नाहीतर काच फुटते आणि लेन्सला चरा पडतो.

१०० ची लेन्स तेलाशिवाय चालतच नाही. काचेतून हवेत येताना तिरके किरण वाकून लेन्सच्या बाहेर जातात, काचेइतक्याच अपवर्तनांकाचं (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा), म्हणजे १.५१५ चं इमर्शन ऑइल मधे घातलं की ते सरळ आत जातात. खोबरेल नको, त्याचा १.४५ च्या आसपास असतो. बघून झालं की लेन्सपेपरने तेल टिपून घ्या, आणि तेल लावलेल्या स्लाइडवर ४० फिरवू नका.

प्रश्न : पावसाळ्यानंतर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय, आणि एक काळा ठिपका कायम असतो. – एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : जाळं म्हणजे बुरशी. पुण्यातली जून ते सप्टेंबरची दमट हवा आणि बंद लाकडी पेटी, तिला अजून काय हवं! लेन्सच्या आत शिरली असेल तर घरी उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या. पुढच्या वर्षी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, घालून ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की गरम करून वाळवा. ठिपक्याचं सोपं आहे, आयपीस गोल फिरवा, ठिपका फिरला तर घाण आयपीसवर, स्लाइड सरकवल्यावर हलला तर स्लाइडवर. दोन्हींनी हलला नाही तर ऑब्जेक्टिव्ह बदलून बघा, गेला तर त्या लेन्सवर, तरी राहिला तर कंडेन्सर पुसा.