घरच्या मॉडेल रेल्वेसाठी माथेरानचं जुनं वाफेचं इंजिन शून्यातून बनवायचंय. सुरुवात कुठून करू?

चासीपासून, म्हणजे मोटर आणि चाकं असलेल्या खालच्या सांगाड्यापासून. बॉडीचा मोह आधी आवरा! सुंदर बॉयलर बनवून त्याखाली मोटर बसवायला गेलं की हमखास काहीतरी कापावं लागतं.

१:७६ स्केल घ्या आणि ९ मिमी गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), सहा चाकांची तयार चासी विकत घ्या. माथेरानचा खरा गेज ६१० मिमी, म्हणजे या स्केलला ८ मिमी. एका मिलिमीटरचा फरक डोळ्यांना खुपत नाही. शिवाय या इंजिनांची फ्रेम चाकांच्या बाहेर आहे, त्यामुळे तयार चाकं बरीचशी झाकली जातात. नवशिक्यासाठी याहून सोयीचं इंजिन मला तरी माहीत नाही.

ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीने ही इंजिनं बनवली. लाइन १९०७ साली सुरू झाली. घाटातली वळणं फार तीव्र, म्हणून पुढचा-मागचा अॅक्सल (चाकांचा आस) थोडा सरकेल अशी क्लीन-लिंडनर रचना त्यात होती. मॉडेलमध्ये ती करत बसू नका. मधल्या अॅक्सलला अर्धा मिमी बाजूची मोकळीक पुरते.

बॉडीला पहिल्या खेपेस अर्ध्या मिमीची स्टायरीन (प्लॅस्टिक) शीट वापरा, बॉयलरला पितळी नळी. पितळेचा पत्रा आणि सोल्डरिंग दुसऱ्या इंजिनाला. बाजूच्या पाण्याच्या टाक्यांत शिसं भरा. वजन नसेल तर चाकं नुसती जागेवर फिरतात आणि डबे हलत नाहीत.

रंग देण्याआधी नुसती चासी तासभर रुळांवर पळवून बघा.