अंदमानात हॅवलॉकला राहायचं तर राधानगर बीचजवळ राहावं की विजयनगरला? सोबत आई-बाबा आणि सात वर्षांचा मुलगा आहे, फेब्रुवारीत जातोय.

विजयनगरला राहा आणि दुपारी राधानगरला जा. फोटो बघून बहुतेकांना उलटं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राधानगर बेटाच्या पश्चिमेला, जेट्टीपासून साधारण 12 किलोमीटरवर आहे. वाळू मऊ, दगड नाहीत, पोहायला अख्ख्या बेटावर याच्याइतका चांगला किनारा नाही. पण तिथे राहण्याची ठिकाणं मोजकी आणि बरीचशी महाग. अंधार पडला की जवळपास काहीच नसतं. आईंना रात्री साधा वरण-भात हवा झाला किंवा मुलाला औषध लागलं, तर जंगलातल्या रस्त्याने बाजारात यावं लागेल.

बाजार, एटीएम, बंगाली खानावळी हे सगळं पूर्वेला, गोविंदनगरच्या बाजूला; विजयनगर त्याच किनाऱ्यावर आहे. तिथले लोक गोविंदनगरला ‘तीन नंबर’ म्हणतात, विजयनगरला ‘पाच नंबर’ आणि राधानगरला ‘सात नंबर’. रिक्षावाल्याला नंबरच सांगा. स्कूबाची दुकानंही याच पट्ट्यात आहेत.

आता विजयनगरची खरी अडचण सांगतो, कारण हॉटेलवाले ती सांगत नाहीत. त्यांचे फोटो भरतीचे असतात. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की सकाळी खोलीसमोर डुलत असलेली होडी दुपारी वाळूवर आडवी पडलेली दिसते. मधल्या पट्ट्यात मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे आणि खडक असतात. अनवाणी गेलात तर तळवे कापतात, मुलाला पाण्यात घालायचे बूट घ्याच. त्या वेळी पोहणं विसरा. पण डबक्यांत अडकलेले छोटे मासे, खेकडे, शंख बघण्यात मुलाचे दोन तास सहज जातील. फक्त शंख-प्रवाळ काहीही उचलून आणू देऊ नका, कायद्याने बंदी आहे.

भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करण्याचं आपलं कोकणातलं गणित इथे लागू पडत नाही. पोर्ट ब्लेअरचं (आता श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचं वेळापत्रक नेटवर मिळतं, तुमच्या तारखांचं बघून ठेवा.

दिवस असा लावा: सकाळी लवकर उठून पूर्वेचा सूर्योदय, भरती असेल तर समोरच डुंबणं, जेवून थोडी झोप आणि तीनच्या आत राधानगरला. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, मुंबईच्या हिशोबाने चार वाजता चहा घेऊन निघालात तर पोहायला वेळच उरणार नाही. परतीची रिक्षा जातानाच ठरवून ठेवा. तिथे जीवरक्षक असतात, ते सांगतील त्याच भागात उतरा. 2010 साली राधानगरच्या परिसरात मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता, त्यामुळे टोकाच्या शांत खाडीकडे मुलाला घेऊन अजिबात जाऊ नका.

हॉटेल ठरवताना फोन करून तीन गोष्टी विचारा. हॉटेल रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला आहे की पलीकडे? (रस्ता किनाऱ्याला समांतर जातो आणि ‘बीच रिसॉर्ट’ नाव दोन्हीकडे लावतात.) वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा? आणि आई-बाबांसाठी पायऱ्या नसलेली तळमजल्याची खोली मिळेल का? बांबूच्या उंच झोपड्या फोटोत छान दिसतात, पण रात्री बाथरूमला उठणाऱ्या वयस्कर माणसाला ती शिडीसारखी चढण नको.

हॉटेलचे पैसे भरण्याआधी फेरीबोटीची तिकिटं पक्की करा, तारखा त्यावरच ठरतात. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम ठेवा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही. सेल्युलर जेल त्या आदल्या दिवशी दुपारी बघून होईल.