दोघंही फौजेत असताना बाळ कोणाच्या नावावर लावायचं?

तुम्ही आर्मीत, मिस्टर एअर फोर्समध्ये, दोघांचीही पोस्टिंग नाशिकला आणि पहिलं बाळ दोन महिन्यांवर आलंय. बाळ कोणाचं डिपेंडंट दाखवायचं आणि कागद दोन्हीकडे द्यायचे का, हा तुमचा प्रश्न. आमचं घर अगदी असंच आहे. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये देवळालीला, हे ओझरला, आणि मधे अख्खं नाशिक.

नोंद दोघांच्याही रेकॉर्डला करा, बाळाच्या नावानं मिळणाऱ्या सवलती-भत्त्यांचा क्लेम मात्र एकानंच करायचा. क्लेम बाबाच करणार म्हणून आईच्या रेकॉर्डला बाळाचा जन्म चढवायचाच राहून गेलाय, अशी जोडपी मी पाहिली आहेत. सर्व्हिस रेकॉर्डमधला असा बदल नोंदवणारा कागद, म्हणजे तुमच्याकडे आर्मीत पार्ट टू ऑर्डर आणि त्यांच्याकडे एअर फोर्समध्ये पीओआर, दोन्ही निघायलाच हवेत. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर फॅमिली पेन्शनसाठी ते मूल तुमच्याच कागदांत शोधलं जाणार. नामनिर्देशनंही त्याच आठवड्यात बघून घ्या. लग्नाआधी मी आईचं नाव दिलं होतं, ते काही आपोआप बदललं नाही.

आता जन्मदाखला. बाळंतपण देवळाली कँटोन्मेंटच्या हद्दीत झालं तर दाखला कँटोन्मेंट बोर्डाचा, शहरात झालं तर महानगरपालिकेचा. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. त्यासाठी बारशाची वाट बघू नका. नावाशिवाय नोंद होते, आणि नाव १२ महिन्यांच्या आत फी न भरता घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा हाच दाखला आहे, म्हणून त्यातलं अक्षर न् अक्षर तपासा. आईचं नाव तर दोनदा तपासा. मी फॉर्मवर सासरचं नाव लिहिलं आणि सर्व्हिस रेकॉर्डला माझं माहेरचंच होतं. मुलीचं डिपेंडंट कार्ड, म्हणजे लष्करी दवाखान्यात उपचारांसाठी दाखवावं लागणारं कार्ड, तिथेच अडलं. ओली बाळंतीण असताना प्रतिज्ञापत्रासाठी रिक्षातून केलेल्या त्या फेऱ्या आठवल्या की आजही जीव कळवळतो. तुमच्या आधारवर, सर्व्हिस रेकॉर्डवर आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर नाव एकच आहे का, हे आजच बघा. अजून दोन महिने हातात आहेत.

कार्ड कोणाच्या नावावर? माझं मत स्पष्ट आहे: बाळ ज्याच्याजवळ राहणार, त्याच्या. रात्री ताप आला तर कार्ड आणि बाळ एकाच गावात हवं.

पैशांचं थोडक्यात सांगते. एकाच स्टेशनवर एकाला सरकारी घर मिळालं असेल, तर दुसऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही. चुकून पगारात येत राहिला तर पुढे वसुली लागते, तेव्हा स्वतःहून कळवा. मुलांचा शिक्षण भत्ता एकालाच मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो एका मुलामागे महिन्याला २,८१२.५० रुपये आहे, आणि जोडीदार क्लेम करत नाही असं लेखी द्यावं लागतं. केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशाला मात्र गेल्या सात वर्षांतल्या आईवडिलांच्या बदल्या मोजतात. तिथे ज्याच्या बदल्या जास्त, त्याचं प्रमाणपत्र लावा.

शेवटचं काम लोक टाळतात, कारण त्यावर बोलायलाच नको वाटतं. दोघंही एकाच वेळी बाहेर असाल तेव्हा बाळाजवळ कोण? आम्ही सासूबाईंच्या नावानं अधिकारपत्र करून ठेवलं आणि दोघांनीही मृत्युपत्रात पालक म्हणून त्यांचंच नाव लिहिलं. ते लिहिताना ह्यांचा हात थांबला होता, माझाही. पुढच्याच वर्षी मी कोर्सला आणि हे डिटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरत्या ड्युटीवर बाहेरगावी असताना मुलगी पायरीवरून पडली, हनुवटीला टाके घालायचे होते. सासूबाईंनी कपाटातून फाईल काढली, अधिकारपत्र आणि कार्ड डॉक्टरांपुढे ठेवलं आणि सही केली. मला फोन आला तोवर टाके घालून झाले होते.